कॉलमचा पहिला आकडा

इमारतीचं गणित सुरू होण्याआधी कुणीतरी एक आकडा मनानं लिहितो, ही गोष्ट बांधकामाबाहेरच्या माणसाला सहसा पटत नाही. इतक्या संहिता, इतकी पुस्तकं, इतकी सॉफ्टवेअरं असताना आकडे त्यांतूनच निघत असणार, असं त्याला वाटतं. पण स्ट्रक्चरल डिझाइनची अडचण मुळात गोल आहे. कॉलम किती जाड हवा हे ठरवायचं तर त्याच्यावर भार किती येतो ते कळायला हवं. भार कुठे किती वाटला जाईल हे बीम-कॉलमचं वजन आणि ताठपणा धरल्याशिवाय कळत नाही. आणि ते धरायचं तर आकार आधी हवा. म्हणून कुणीतरी आकार गृहीत धरतो, स्टॅड किंवा ईटॅब्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये इमारत उभी करतो, हिशेब चालवतो, कुठे काय नापास झालं ते पाहतो, आकार बदलतो आणि पुन्हा चालवतो. पहिला अंदाज नेमका असेल तर थोड्या फेऱ्यांत काम आटोपतं. नसेल तर आर्किटेक्टचे फोन सुरू होतात, कारण त्याची पार्किंगची आखणी त्या कॉलमवर अडलेली असते.

रायपूरच्या आमच्या ऑफिसात हा पहिला आकडा वर्षानुवर्षं एकाच माणसानं लिहिला. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. आजच्या एनआयटीत, ते सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज होतं तेव्हा, ते शिकले. १९५६ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झालेलं हे कॉलेज खाणकाम आणि धातुशास्त्रासाठी सुरू झालं होतं. एनआयटी ते २००५ साली झालं. सर नकाशावर पट्टी ठेवतात, दोन्ही बाजूंचे गाळे मोजतात आणि पुटपुटतात, "वाट्याला वीस मीटर, पाच स्लॅब, मीटरला बारा, दीडपट. अठराशे." म्हणजे त्या कॉलमच्या वाट्याला वीस चौरस मीटर स्लॅब, असे पाच मजले, दर चौरस मीटरला ढोबळ बारा किलोन्यूटन, आणि सुरक्षेसाठी दीडपट. एकूण १८०० किलोन्यूटन. मग ३०० बाय ४५० चा कॉलम, एम २५ काँक्रीट, एक टक्का सळई धरली तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेच्या सूत्रानं तो १७८९ पेलतो. काठावरही बसत नाही. ३०० बाय ६०० केला की २३८५. सर ६०० लिहितात, कारण वाकण्याचा भार अजून धरायचाच असतो. हे सगळं आर्किटेक्टचा चहा निवायच्या आत होतं.

मशीन लर्निंग आमच्याकडे आलं ते नेमकं याच जागी, पहिल्या अंदाजाच्या जागी. यंत्र इमारत डिझाइन करतं, असा जो समज बातम्यांमधून होतो तसं आमच्या टेबलावर काही घडलं नाही. तिथं जे घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं, आणि ते फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे किस्से.

कल्पना आणली ती एनआयटीतून शिकून आलेल्या आमच्या एका तरुण सहकारिणीनं. तिचं म्हणणं साधं होतं. ऑफिसात इतक्या वर्षांची ड्रॉइंग पडली आहेत. प्रत्येक कॉलमची एक ओळ करू या: त्याच्या वाट्याचं क्षेत्रफळ, वरचे मजले, दोन्ही दिशांचे गाळे, तो कोपऱ्यातला की कडेचा की आतला, इमारत घर आहे की दवाखाना की दुकानं, काँक्रीटचा दर्जा. आणि ओळीच्या शेवटी, त्या कॉलमचा पक्का झालेला आकार आणि सळईची टक्केवारी. असा तक्ता एखाद्या रँडम फॉरेस्टला शिकवला, म्हणजे शेकडो निर्णयवृक्षांचं मत घेऊन सरासरी काढणाऱ्या पद्धतीला, तर नवा नकाशा आल्यावर सगळ्या कॉलमचे पहिले आकडे एका दमात मिळतील.

सरांनी विरोध केला नाही. उलट कपाटातून 'एसपी १६' काढून तिच्यापुढे ठेवलं. भारतीय मानक संस्थेनं १९८० साली काढलेलं हे आलेखांचं पुस्तक इंजिनिअरांच्या एका अख्ख्या पिढीच्या हाताखाली झिजलं आहे. त्यातल्या कॉलमच्या वक्ररेषांमागचं गणित हातानं करायला बसलं तर एका कॉलमला सकाळ जाते. ते कुणीतरी आधीच एकदा सगळ्यांसाठी करून ठेवलं, म्हणून आपण फक्त बोट ठेवून आकडा वाचतो. "हे तेच आहे," सर म्हणाले. "आधी भरपूर हिशेब करून ठेवायचा, मग वाचायचा. फक्त या पुस्तकात कुठला आलेख कुठून आला ते लिहिलंय. तुझ्यातही लिही." त्या शेवटच्या वाक्याचं वजन आम्हाला पुढे कळत गेलं.

खरं काम गोदामात होतं. निळ्या प्रिंटच्या गुंडाळ्या, ट्रेसिंग पेपर, नंतरच्या ऑटोकॅडच्या फायली आणि त्यांची नावं: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल साइट', 'साइटवर दिलेलं'. यातलं बांधलं गेलं कुठलं? हिशेबाच्या फायलीत कॉलम ३५० चा, ड्रॉइंगवर ४०० चा, आणि साइटवरच्या फोटोत आणखी वेगळा. यंत्राला सत्य म्हणून यातलं काय शिकवायचं, हा प्रश्न कुठल्याही शोधनिबंधात मला कधी नीट भेटला नाही. ऑफिसात मात्र तोच पहिला होता. आम्ही साइटवर दिलेलं ड्रॉइंग प्रमाण मानलं. फरक जिथं दिसला तिथं जुन्या सुपरवायझरांना, ठेकेदारांना फोन केले. प्रोग्राम लिहायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ या फोनांना लागला.

पहिल्यांदा मॉडेल चाललं तेव्हा निकाल बघून आनंद झाला. बहुतेक आकडे सरांच्या आकड्यांच्या आसपास. एक गोष्ट मात्र विचित्र होती. जिन्याभोवतीचे चार कॉलम ते दर वेळी जाड सांगायचं. गाळे लहान, वाट्याचं क्षेत्र लहान, तरी आकार मोठा. सहकारिणीनं कोड तपासलं, तक्ता तपासला, चूक सापडेना. शेवटी तिनं कागद सरांपुढे ठेवला. सरांनी कॉलमकडे पाहिलंच नाही. "अगं, त्याच्या वर काय बसलंय ते विचार," म्हणाले.

"जिन्याची खोली, सर."

"आणि खोलीच्या वर?"

जुन्या सगळ्या इमारतींत जिन्याच्या खोलीवर पाण्याची टाकी होती. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन, शिवाय काँक्रीटच्या टाकीचं स्वतःचं वजन. तक्त्यात टाकीचा रकानाच नव्हता. यंत्रानं जिन्याशेजारी असणं आणि जाड असणं यांची जोडी पाहिली आणि तीच शिकलं. नव्या इमारतीत टाक्या प्लास्टिकच्या, छोट्या छोट्या, गच्चीवर विखुरलेल्या. जिन्यावर काहीच नाही. तरी यंत्र इमानेइतबारे दहा टन पाणी धरून बसलं होतं. टाकीचा रकाना घातला, जागा लिहिली, आणि ते कॉलम बारीक झाले. सहसंबंध आणि कारण यांतला फरक संख्याशास्त्राच्या वर्गात मी ऐकला होता; तो इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

दुसरा किस्सा शटरिंगचा. काही वर्षांच्या इमारतींमध्ये कॉलमची एक बाजू हटकून ३५० ची, आणि हिशेबात ३०० पुरत असतानाही ३५० ची. मॉडेलनं तोच नियम उचलला. त्या काळात आमची बरीच कामं एकाच ठेकेदाराकडे असायची आणि त्याच्याकडे लोखंडी प्लेटा त्याच मापाच्या होत्या. त्याच्यासाठी ३५० स्वस्त होतं. ठेकेदार बदलला, प्लेटा बदलल्या, आणि यंत्र मात्र त्या माणसाच्या गोदामाप्रमाणे इमारती सुचवत राहिलं. ही गोष्ट कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेली नव्हती. ती फक्त सरांना आणि एका निवृत्त सुपरवायझरला माहीत होती.

भिंतींचंही तसंच. लाल विटांची भिंत घनमीटरला वीस किलोन्यूटनच्या आसपास धरतात. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं. छत्तीसगडात औष्णिक वीज केंद्रांची राख मुबलक, म्हणून फ्लाय ॲशच्या विटा घरोघरी. त्यांचा आकडा आणखी निराळा. जुन्या ड्रॉइंगवर नुसतं 'भिंत' लिहिलेलं. कुठल्या साली कुठली वीट वापरात होती हे पुन्हा माणसांनाच विचारावं लागलं.

हे तंत्र आमच्यापासून सुरू झालं असं नाही. इंजिनिअरिंगच्या डिझाइनमध्ये न्यूरल नेटवर्क आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८९ चा. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात होज्जत आदेली आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पर्सेप्ट्रॉनला, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या साध्या रूपाला, पोलादी बीमचं डिझाइन शिकवलं होतं. मराठी सिव्हिल इंजिनिअरांमध्ये हे तंत्र रुजवणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मकरंद देव मोठे, आणि त्यांची वाट इमारतींकडून नव्हे, समुद्राकडून गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते लाटांच्या उंचीचा अंदाज न्यूरल नेटवर्कनं बांधत होते. त्यांच्यासोबत संशोधन केलेले श्रीनिवास लोंढे पुढे पुण्याच्या विश्वकर्मा संस्थेत हेच तंत्र काँक्रीटकडेही घेऊन आले. नीला देशपांडे, लोंढे आणि सुषमा कुलकर्णी यांचा २०१४ चा अभ्यास जुन्या काँक्रीटच्या तुकड्यांपासून केलेल्या नव्या काँक्रीटच्या ताकदीवर आहे. लाटेपासून काँक्रीटपर्यंतचा हा प्रवास मराठी माणसांनी केला, याचा मला अभिमान वाटतो.

काँक्रीटचा विषय निघाला की तैवानच्या आय-चेंग यह यांचा तक्ता येतोच. त्यांच्या १९९८ च्या शोधनिबंधाशी जोडलेल्या १०३० नमुन्यांच्या या तक्त्यात सिमेंट, भट्टीची मळी, राख, पाणी, रसायन, खडी, वाळू आणि वय हे आठ रकाने आहेत, आणि नवव्यात ताकद. जगभरातले विद्यार्थी यावर हात साफ करतात, आपल्याकडचेही. आमच्या सहकारिणीनंही कॉलेजात यावरच प्रकल्प केला होता. पण भिलाईची मळी आणि कोरब्याची राख त्या तक्त्यातल्या मळी-राखेसारखी वागेल याची खात्री काय? शिवाय काही देशांत नमुना सिलिंडरचा असतो, आपल्याकडे १५० मिलिमीटरचा क्यूब. एकाच काँक्रीटचा सिलिंडर क्यूबच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास आकडा दाखवतो. परक्या तक्त्यावर शिकलेलं मॉडेल घेऊन ती आमच्या क्यूबच्या नोंदवहीशी भिडली तेव्हा अंदाज आणि नोंदी यांच्यात अंतर राहिलं. तिनं ते मॉडेल बाजूला ठेवलं आणि नोंदवही तक्त्यात भरायला घेतली. मला हा निर्णय फार आवडला.

रायपूरचं मॉडेल रायपूरपुरतंच, हे शिकवलं नागपूरच्या एका कामानं. इथल्या मराठी घरांचं नागपूरशी जाणं-येणं भोसल्यांच्या काळापासूनचं. तात्यापाऱ्यात राहणाऱ्या एका कुटुंबाला नागपुरात सात मजली इमारत बांधायची होती. नकाशा आला, मॉडेलनं पहिले आकडे दिले, सगळे वाजवी दिसत होते. सरांनी एकच प्रश्न विचारला: "वारा?" आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात गावागणिक वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. रायपूर सेकंदाला ३९ मीटर, नागपूर ४४. कानाला हा फरक किरकोळ वाटतो. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे तीच इमारत नागपुरात २७ टक्के जास्त दाब झेलते. जबलपूरचा आकडा ४७. तिथं ४५ टक्के जास्त. तक्त्यातल्या सगळ्या इमारती रायपूर-दुर्ग-भिलाईच्या पट्ट्यातल्या होत्या, सगळीकडे वारा ३९, म्हणून यंत्राच्या लेखी वारा ही बदलणारी गोष्टच नव्हती. जे कधी बदललं नाही ते त्याला दिसलंच नाही.

भूकंपाचं याहून गंभीर. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत रायपूर दुसऱ्या विभागात, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या. जबलपूर तिसऱ्यात, आणि २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप तिथल्या लोकांच्या चांगला लक्षात आहे. तिसऱ्या विभागापासून पुढे आयएस १३९२० बंधनकारक होतं: रिंगा जवळ जवळ, त्यांचे हुक १३५ अंशांत वळवून आत, कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर. रायपूरच्या जुन्या फायलींत २३० चे कॉलम भरपूर, कारण ते भिंतीत लपतात आणि घरमालकाला कोपऱ्यात खांब पुढे आलेला नको असतो. मॉडेलला तो आकार अगदी नेहमीचा वाटतो. आम्ही त्या ओळी काढल्या नाहीत, कारण त्या खऱ्या आहेत; पण प्रत्येक ओळीवर साल, विभाग आणि वाऱ्याचा वेग लिहिला, आणि मॉडेलच्या पुढे संहितेची वेगळी चाळणी लावली. ती चाळणी काही शिकत नाही. ३०० पेक्षा कमी दिसलं की थांबवते, एवढंच तिचं काम.

आता मातीबद्दल थोडं सविस्तर, कारण माझ्या मते सगळ्या कहाणीचा गाभा तिथं आहे. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीची चार नावं सांगतो: भाटा म्हणजे मुरमाड, लाल, पाणी न धरणारी, मटासी म्हणजे पिवळसर, हलकी, डोरसा मधली, आणि कन्हार म्हणजे काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. आपल्या भंडारा-गोंदियाकडेही कन्हारच म्हणतात. आमच्या तक्त्यात मात्र मातीचा एकच रकाना होता: वहनक्षमता, चौरस मीटरला किती टन. माती तपासणीच्या अहवालात शेवटी तोच आकडा ठळक छापलेला असतो म्हणून.

शहराबाहेरच्या दोन प्लॉटचे अहवाल एकाच सुमारास आले. दोन्हींत वहनक्षमता जवळजवळ सारखी. मॉडेलनं दोन्हीकडे सारख्याच फूटिंगा सुचवल्या, आणि त्याच्या माहितीप्रमाणे ते बरोबरच होतं. साइटवर चाचणीचा खड्डा खणणारा म्हातारा मिस्त्री दुसऱ्या प्लॉटवर ढेकूळ हातात चुरत म्हणाला, "ये कन्हार आय साहब, पानी पाथे त फूलथे." पाणी मिळालं की फुगते. अहवालाच्या आतल्या पानावर मुक्त फुगवट्याची टक्केवारी होती, आणि ती त्याच्या म्हणण्याला दुजोरा देत होती. भार पेलण्यात ही माती कमी नव्हती, भार नसताना ती वर उचलते हा तिचा दोष. तिच्यावर पाया नुसता रुंद करून भागत नाही. फुगण्या-आकसण्याच्या थराखाली उतरावं लागतं. त्यासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं खाली फुगीर बुंधा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल विकसित केल्या, त्या देशभर काळ्या मातीत वापरल्या जातात. आमचं मॉडेल त्या पर्यायापर्यंत पोचूच शकत नव्हतं, कारण फुगवटा त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

त्याखाली आणखी एक गोष्ट आहे. रायपूर चुनखडकावर वसलं आहे. छत्तीसगड खोऱ्याच्या चंडी चुनखडकाचा थर शहराखाली पसरलेला, आणि याच दगडामुळे बलौदाबाजार-तिल्द्याकडे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. हा दगड पेलायला उत्तम, पण त्याचा माथा सपाट नसतो. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात तो हाताच्या अंतरावर आणि दुसऱ्यात खोल. कधी पाण्यानं विरघळून आत पोकळी. दोन बोअर घेऊन मधल्या जागेचा अंदाज बांधणं हे माणसासाठीही धाडस आहे. म्हणून सहकारिणीनं मातीच्या एका रकान्याचे अनेक केले: मातीचं गावातलं नाव, फुगवट्याची टक्केवारी, दगड किती खोल, किती बोअर घेतले, आणि खड्डा प्रत्यक्ष कुणी पाहिला. शेवटचा रकाना सरांच्या आग्रहामुळे. पायाच्या बाबतीत मॉडेलचा सल्ला आम्ही अजूनही घेत नाही. मला ते योग्यच वाटतं, आणि पुढची बरीच वर्षं तसंच राहावं असं वाटतं.

जगात याच्या खूप पुढचं काम चालू आहे. चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठात लू शिनझेंग यांच्या गटानं २०२१ साली उंच निवासी इमारतींच्या काँक्रीट भिंतींची मांडणी आर्किटेक्टच्या नकाशावरून थेट काढणारी पद्धत दाखवली. तिच्यात एक नेटवर्क भिंती आखतं, दुसरं त्या खऱ्या इंजिनिअरच्या वाटतात का ते तपासतं, आणि दोघांच्या झटापटीत आखणी सुधारत जाते. त्यांनी शिकवायची ड्रॉइंग इमारतीची उंची आणि भूकंपाची तीव्रता यांप्रमाणे आधीच गटांत वेगळी केली होती. नागपूर-जबलपूरचा अनुभव घेतल्यावर हा तपशील वाचताना मी थबकलो. त्याआधी २०२० साली ऑटोडेस्कच्या काई-हुंग चांग आणि चिन-यी चेंग यांनी इमारतीचा सांगाडा आलेखासारखा मांडून एका नेटवर्कला विश्लेषणाची नक्कल आणि दुसऱ्याला आकार निवडणं शिकवलं. खऱ्या इमारतींच्या फायली अशा कामाला पुरेशा मिळत नाहीत, म्हणून त्यांनी इमारती संगणकातच तयार केल्या. गोदामातल्या गुंडाळ्या हातात घेऊन बसलेल्या माणसाला हे वाचून आपल्या धुळीची किंमत कळते.

घाई करणाऱ्यांना सर दोन गोष्टी सांगतात, आणि दोन्ही खऱ्या. अमेरिकेत हार्टफर्डच्या स्टेडियमचं प्रचंड छत १९७० च्या दशकात संगणकाच्या भरवशावर काटकसरीनं डिझाइन झालं होतं. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भारानं ते कोसळलं. काही तास आधी तिथं बास्केटबॉलचा सामना पाहायला हजारो लोक बसले होते. हिशेबात वरच्या दांड्यांना जिथं आधार धरला होता, तिथं प्रत्यक्षात तो पुरेसा नव्हता. दुसरी नॉर्वेची. २३ ऑगस्ट १९९१ ला स्लाइप्नर ए या तेल-प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान बुडाला. संगणकाच्या विश्लेषणात कातर-ताण ४७ टक्के कमी आला होता, आणि सळई त्या आकड्यावर बेतलेली होती. दोन्हीकडे यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलं होतं. स्लाइप्नरचा पुढचा भाग सर आवर्जून सांगतात: नवा पाया बांधायची घाई होती, संगणकाचे आकडे पुन्हा भरवशाचे होईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, तेव्हा अनुभवी इंजिनिअरांनी स्लाइड रूलच्या जमान्यातल्या पद्धतींनी हातानं हिशेब करून काम पुढे नेलं. ती माणसं तोवर निवृत्त झालेली असती तर?

मग वेग वाढला का? हो, वाढला, आणि जिथं वाढला तिथं त्याचा खरा उपयोग आहे. आर्किटेक्ट समोर बसलेला असताना कॉलमच्या दोन-तीन मांडण्या करून दाखवता येतात. पूर्वी एक दाखवायची आणि तीच रेटायची. मालकाला सळईचा ढोबळ आकडा पहिल्याच बैठकीत देता येतो. रायपुरात या आकड्याला विशेष मान आहे, कारण सिलतरा आणि उरल्याच्या रोलिंग मिला गावाला लागून, आणि कधी कधी इमारतीचा मालक स्वतःच मिलवाला असतो. अशाच एका मालकानं कागद पाहून लगेच विचारलं, "सरिया कितने एमएम का?" मॉडेलनं वजन वाचवायला आठपासून पंचवीसपर्यंत सगळ्या व्यासांचं मिश्रण सुचवलं होतं. तो म्हणाला, साइटवर इतके व्यास आले की बांधणारा गोंधळतो, बाराच्या जागी दहा बांधून मोकळा होतो, आणि काँक्रीट पडल्यावर कुणाला दिसत नाही. दोन सळ्यांच्या मीटरच्या वजनात, व्यासाचा वर्ग भागिले १६२ या साइटवरच्या सूत्रानं, ०.८९ विरुद्ध ०.६२ किलो असा फरक. आम्ही कॉलमचे व्यास सोळा आणि वीसवर आणले. सळई थोडी जास्त लागली, पण बांधताना चुकण्याची जागा कमी झाली. मिलवाल्याचा हा सल्ला आता मॉडेलच्या नियमांत आहे, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात कारणही.

तो कारणाचा रकाना हे आमच्या ऑफिसातलं सगळ्यांत मोठं स्थित्यंतर आहे, असं मी म्हणेन. पूर्वी आकडा बदलला की ड्रॉइंगवर नुसता ढग काढून आर-१, आर-२ लिहायचे. आता कुणीही, अगदी सरांनीही, मॉडेलचा आकडा खोडला की का खोडला ते एका ओळीत लिहायचं. सरांच्या ओळी तुटक असतात: 'वर टाकी येणार, मालक बोलला नाही', 'शेजाऱ्याचा पाया खेटून', 'पोर्चवर ट्रक चढेल'. यातली कुठलीही गोष्ट नकाशात नसते. सहकारिणी दर महिन्याला या ओळी वाचते, ज्या पुन्हा पुन्हा येतात त्यांचा रकाना करते, आणि ज्या एकदाच येतात त्या तशाच राहू देते.

मॉडेल आता ओळखीच्या बाहेरचं काही आलं तर आकडा देण्याऐवजी तसं सांगतं. मध्यंतरी एका मंगल कार्यालयाचा नकाशा आला, मधे एकही कॉलम नको, गाळा अठरा मीटरचा. तक्त्यातला सगळ्यांत मोठा गाळा त्याच्या निम्म्याच्याही आत. प्रोग्रामनं त्या गाळ्याचा अंदाज द्यायला नकार दिला. सर आणि सहकारिणी दोघं मिळून त्याला बसले. तिनं विश्लेषण चालवलं, त्यांनी बीमची खोली धरली, दोघांचा वाद झाला आणि तिचं म्हणणं टिकलं. कारणाच्या रकान्यात त्या वादाच्या दोन्ही बाजू लिहिल्या आहेत.

सध्या काम चालू आहे ते उरल्याच्या शेडांच्या फायलींवर. ती पोलादी कामं, आयएस ८०० ची, आणि क्रेन धावणाऱ्या गर्डरचा भार काँक्रीटच्या इमारतीसारखा एका जागी बसून राहत नाही. क्रेन असलेल्या आणि नसलेल्या फायली वेगळ्या काढून झाल्या आहेत. कुठल्या शेडमध्ये नंतर जास्त वजनाची क्रेन बसवली, हे विचारायला जुन्या मिलांच्या देखभाल विभागांना फोन सुरू आहेत.